काळ्या खिडकीतला समुद्र

बेनिता एनलुंड हेलसिंकीहून बेर्गशेर बेटावर परत आली, तेव्हा तिने आपला संगणक भावाच्या बोटघराच्या माळ्यावर नेऊन ठेवला आणि त्यावर एक फाटकं जाळं टाकून दिलं. त्यानंतर ती शाळेची टॅक्सी चालवू लागली. सकाळी मुलांना फेरीबोटीपर्यंत सोडायचं, दुपारी आणायचं, मधल्या वेळात म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नाहीतर दुकानात न्यायचं. कोण कशासाठी परत आलं हे विचारायची आमच्या बेटावर पद्धत नाही, कारण चार दिवसांत ते आपोआप कळतं.

बेनिताचं कळायला मात्र वेळ लागला. तिचा भाऊ क्रिस्टर पिवळ्या फेरीबोटीवर कामाला आहे आणि तो बोललाच तर वाऱ्याबद्दल बोलतो. त्याच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं ते एवढंच. ती हेलसिंकीत एका कंपनीत प्रोग्रॅमर होती. विजेच्या जाळ्यावर नजर ठेवणारा संगणकाचा पडदा तिच्या गटाने तयार केला होता. एका जानेवारीत त्या पडद्यावर सगळं हिरवं, म्हणजे सुरळीत, दिसत होतं आणि प्रत्यक्षात एक अख्खी वस्ती अंधारात, कडाक्याच्या थंडीत बसून होती. कुणी दगावलं नाही. चौकशीत तिच्यावर ठपकाही आला नाही. पण त्यानंतर संगणक नुसता सुरू करायचा म्हटलं तरी तिचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी सुट्टी दिली, मग आणखी सुट्टी दिली, आणि शेवटी तिने नोकरीच सोडली.

मी स्टीग. बोटींची इंजिनं दुरुस्त करून पोट भरतो आणि बेर्गशेरच्या समुद्र बचाव पथकाचं काम बघतो. पथकातले आम्ही सगळे हौशी. कुणी सुतार, कुणी मास्तरीण, कुणी मेंढपाळ. फोन वाजला की हातातलं टाकून धक्क्यावर पळायचं. आमच्या बेटांमधलं पाणी उथळ, आणि पाण्याखाली जिकडेतिकडे खडक. नकाशावर मोठे मार्ग नीट दाखवलेले असतात, पण माणसं अडकतात ती आडवाटेला, जिथे मोठं जहाज कधी जात नाही. त्या आडवाटा नव्या माणसाला शिकवायच्या कशा, हा आमचा कायमचा प्रश्न. तो व्हेर्नर होल्मस्ट्रोमने सोडवला होता.

व्हेर्नरकाका जन्मभर वाटाड्या, म्हणजे परदेशी जहाजांवर चढून त्यांना बंदरात आणणारा माणूस. निवृत्त झाल्यावर बाकीचे मासे धुरावायला लागतात, यांनी पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा, शिकायला घेतली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “बायको म्हणाली घरात पायात पायात येऊ नकोस.” पाच-सहा वर्षं ते उन्हाळ्यात छोट्या बोटीतून खोली मोजत फिरले आणि हिवाळ्यात ती सगळी खोली संगणकात भरत राहिले. त्यातून ‘ग्रुंड’ तयार झाला. आमच्याकडे ग्रुंड म्हणजे पाण्याखालचा उथळा. पडद्यावर आपली सगळी बेटं दिसायची, समोर सुकाणू, आणि बोट खडकाला लागली की असा कर्रकन आवाज यायचा की अंगावर काटा यावा. तो आवाज काकांनी लोखंडी पत्रा दगडावर घासून भरला होता. पथकात येणारा प्रत्येक जण आधी पथकाच्या बोटघराच्या वरच्या खोलीत बसून ग्रुंडमध्ये आपटायचा, आणि मगच खऱ्या बोटीला हात लावायचा.

नोव्हेंबरच्या वादळात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्या धक्क्यात वरच्या खोलीतला म्हातारा संगणक कायमचा बसला. आतली माहिती वाचली. ती आम्ही नव्या संगणकावर घातली. ग्रुंड सुरू केला, तर इंग्रजीत एक पानभर कुरकुर आली आणि सगळं बंद. त्या हिवाळ्यात आमच्याकडे चार नवी माणसं होती, आणि समुद्रावरचं बर्फ फुटायच्या आत त्यांना तयार करायचं होतं. तुर्कूहून एक संगणकवाला आला. त्याने दोन तास पाहिलं, सॅमनचं सूप दोनदा घेतलं आणि म्हणाला, “हे विसरा. याचे जोड कुजलेत.”

म्हणून मी बेनिताकडे गेलो. ती टॅक्सीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होती.

“नाही,” मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली.

“अजून मी काही विचारलं नाही.”

“स्टीग, तू माझ्याकडे आजवर कधी आलायस? क्रिस्टरने सांगितलं मला. मी आता टॅक्सी चालवते. कुठे जायचं असेल तर सांग.”

“कुठे जायचं नाही.”

“मग झालं तर.”

मी परत आलो. काकांना फोन करून सांगितलं की ती तयार नाही. काकांचे डोळे तोपर्यंत बरेच गेले होते. कडेकडेचं दिसायचं, मधोमध नुसता करडा डाग. त्यामुळे पडद्यावरचं अक्षर त्यांना वाचता येत नसे. नाहीतर त्यांनी कुणाची वाट पाहिली नसती. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझी डोळ्यांच्या इंजेक्शनची तारीख आहे पार्गासला. टॅक्सी लागेलच.”

पुढचं मला दोघांकडूनही कळलं, आणि दोघांचं सांगणं बऱ्यापैकी जुळतं. पार्गासला जायचं म्हणजे दोन फेरीबोटी आणि मधे बराच रस्ता. काका पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि गाडी धक्क्यावर पोचायच्या आत आपला प्रोग्रॅम तोंडपाठ म्हणायला लागले. सगळा नाही, पण बराच. कुठल्या भागात काय, कुठे कशाला हाक मारली, सगळं. बेनिता रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. पहिल्या फेरीबोटीवर क्रिस्टरने डोकं आत घालून विचारलं, “काय चाललंय?”

“तुझ्या बहिणीला गोष्ट सांगतोय,” काका म्हणाले.

दुसऱ्या फेरीबोटीवर गाडी उभी असताना काका म्हणत होते की चित्र काढणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम, आणि पायथन यांच्यामधलं बाइंडिंग त्यांनी आयतं घेतलं होतं, ते इतकं चांगलं होतं की आजही चालायला हवं.

“नाही चालणार,” बेनिता म्हणाली. ते तिच्या तोंडून निघून गेलं.

“का नाही?”

“काका, ते बाइंडिंग म्हणजे मधला दुभाषा. तुम्ही पायथनमध्ये बोलता, तो ते लायब्ररीला तिच्या भाषेत सांगतो. तुमच्या दुभाष्याला कुणी वर्षानुवर्षं हात लावलेला नाही. इकडे पायथन बदललं, तिकडे लायब्ररीने जुने शब्द टाकून दिले. तो अजून जुनेच शब्द बोलतोय. समोर कुणी ऐकायला नाही.”

“मग नवा दुभाषा आणायचा.”

“इतकं सोपं नसतं ते.”

“हे तू न बघताच सांगतेस? तो तुर्कूवाला निदान बघून तरी म्हणाला.”

बेनिताने त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे बघितल्यासारखं करत होते. “काका, तुम्ही फार लबाड आहात,” ती म्हणाली.

“वाटाड्या होतो मी. कप्तानाला वाटलं पाहिजे की जहाज तोच वळवतोय.”

दुसऱ्या दिवशी मुलांना सोडल्यावर टॅक्सी आमच्या बोटघरापुढे उभी राहिली. बेनिता आत आली, अंगावरचा कोट तसाच ठेवून खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मी फक्त कुरकुर काय आहे ते वाचणार आहे. दुसरं काही नाही.” मी कॉफी ठेवली आणि खाली इंजिनाशी जाऊन बसलो. वरती बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग बटणांचा आवाज सुरू झाला. मी मुद्दाम वर गेलो नाही.

पहिले काही दिवस सोपे गेले. जुनं बाइंडिंग काढून तिने त्याच जातीचं, अजून कुणीतरी निगा राखत असलेलं बाइंडिंग आणलं. जिथे नावं बदलली होती तिथे ती बदलली. पायथनचीही आवृत्ती नवी होती, त्यामुळे काकांनी लिहिलेल्या जुन्या धाटणीच्या ओळी एकेक करून सारख्या कराव्या लागल्या. कुरकुर कमी होत गेली. आणि एका दुपारी ग्रुंड सुरू झाला. पडद्यावर त्याची खिडकी उघडली, मिटली आणि सगळं बंद. कुरकुरही नाही, काही नाही. पुन्हा सुरू केला, तर चालला. पुन्हा केला, बंद.

मी वर गेलो तेव्हा ती खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकून बसली होती. हात मांड्यांखाली दाबलेले.

“काय झालं?”

“कधी चालतं, कधी मरतं,” ती म्हणाली. “स्टीग, जे कायम बिघडलेलं असतं ना, त्याची मला भीती नाही. हे असं कधी चालणारं… तिथला पडदाही असाच अधूनमधून खोटं दाखवायचा.”

मी म्हटलं, “माझ्याकडे एक बोट आलीय. थंड असली की सुरू होते, तापली की नाही. तिचा मालक म्हणतो बोटीला भूत लागलंय.”

“मग काय होतं?”

“तार. आत कुठेतरी चिरलेली असते. तापली की फाकते. अजून सापडली नाही, पण तारच आहे.”

तिने मांड्यांखालचे हात बाहेर काढले. मग म्हणाली, “काकांना बोलाव.”

काका आले ते काठी आपटत, बरोबर बायकोने दिलेला वेलदोड्याचा पाव घेऊन. बेनिताने त्यांना शेजारी बसवलं आणि ग्रुंड कुठवर जातो, कुठे मरतो हे सांगितलं. तिने प्रोग्रॅममध्ये जागोजागी ‘इथवर पोचलो’ असं पडद्यावर छापायच्या ओळी टाकून ठेवल्या होत्या, त्यामुळे कुठपर्यंत धडधाकट असतो ते कळत होतं.

“खोलीची माहिती लायब्ररीकडे द्यायची असते तिथेच मरतो,” ती म्हणाली. “पण तिथे तर बाइंडिंग दिसतच नाही मला. काका, तिथे तुम्ही काय केलंय?”

काका खाकरले. “ते होय. तिथे दुभाषा अपुरा पडत होता. मला पाहिजे ते काम त्याला येतच नव्हतं. मग मी थेट बोललो.”

“थेट म्हणजे?”

“लायब्ररीला म्हटलं, ही एवढी माहिती आहे, ठेवू कुठे ते सांग. ती जागेचा पत्ता सांगते. त्या पत्त्यावर नेऊन टाकली.”

“ती काय सांगणार आहे, पत्ता आहे की साधा आकडा, हे पायथनला तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं?”

“नाही बुवा. न सांगता चालत होतं.”

बेनिता एकदम सरळ बसली. “जुन्या संगणकावर चालणारच. तिथे पत्ते लहान असायचे. नव्यावर पत्ता दुप्पट लांब आहे. पायथनला कुणी सांगितलं नाही तर ते उत्तराला साधा आकडा समजतं आणि अर्धाच ठेवतं. म्हणजे पत्त्यातला अर्धा भाग गळाला. नशिबाने जागा अशी मिळाली की गळालेल्या भागात काहीच नव्हतं, तर माहिती बरोबर पोचते. नाहीतर भलत्याच्या दारात.”

“म्हणजे तार,” मी म्हटलं.

“तार,” ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

काकांचा चेहरा मात्र पडला होता. “म्हणजे घोटाळा माझाच.”

“तुमचा नाही. तुम्ही लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. आता पाव कापा.”

तिने दोन ओळी घातल्या. त्यानंतर ग्रुंड इतक्या वेळा सुरू करून पाहिला की मी मोजणं सोडलं, आणि एकदाही तो मेला नाही. पण खिडकी उघडायची ती काळीकुट्ट. आवाज यायचे, इंजिन घुरघुरायचं, सुकाणू फिरवलं की होकायंत्राचा आकडा बदलायचा. समुद्र नाही, बेट नाही, काही नाही. काका म्हणाले, “मला तसंही एवढंच दिसतं.” आम्ही हसावं की नाही कळेना, तेव्हा तेच आधी हसले.

काळ्या खिडकीने बेनिता घाबरली नाही, याचं मला नवल वाटलं. ती म्हणाली की हे कायमचं बिघडलेलं आहे, त्यामुळे बरं आहे. काका जुन्या पद्धतीने चित्र काढत होते. रेघ सुरू कर, हा बिंदू, हा बिंदू, हा बिंदू, रेघ संपव. नव्या संगणकातली लायब्ररी असं एकेक ऐकून घेत नव्हती. तिला सगळे बिंदू एका गठ्ठ्यात हवे असत, आणि कुठल्या बिंदूला कुठला जोडायचा त्याचे आकडे दुसऱ्या गठ्ठ्यात. म्हणजे चित्र काढायचा अख्खा भाग नव्याने लिहायचा. फेब्रुवारी त्यात गेला. बेनिता आता कोट काढून बसायची. दुपारी मुलांना आणायची वेळ झाली की क्रिस्टर फेरीबोटीवरून फोन करायचा, “ऊठ,” एवढंच म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.

समुद्र दिसला तेव्हा मी खाली होतो. तिने हाक मारली नाही, पायाने जमिनीवर ठोकलं. वर गेलो तर पडद्यावर आमची बेटं, पाईनची झाडं, धक्का, चर्चचा मनोरा, सगळं होतं, आणि जुन्या संगणकावर कधी दिसलं नव्हतं इतकं लख्ख. मी काकांना फोन केला. पथकातली मास्तरीण मिकाएला नव्या चौघांपैकी एक, ती शाळेतून थेट आली. काळा पाव आला, धुरावलेले मासे आले. मिकाएला सुकाणूवर बसली आणि चर्चच्या पुढच्या उथळ्यावर जाऊन आपटली. तो कर्रकन आवाज ऐकून काकांनी समाधानाने मान डोलावली. शनिवारी प्रशिक्षण सुरू करायचं ठरलं. मी सगळ्यांना कळवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी बेनिताचा फोन आला. “शनिवारचं रद्द कर,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट.

मी हात पुसत वर गेलो. ती उभी होती. पडद्यावर उत्तरेकडचं पाणी होतं, एनलुंडांच्या जुन्या घरासमोरचं.

“मी गंमत म्हणून इथे आले,” ती म्हणाली. “लहानपणी मी बाबांची बोट घातली होती एका खडकावर. लोम्मेन. बाबा आठवडाभर बोलले नव्हते माझ्याशी. म्हटलं, परत एकदा घालून बघू.”

“मग?”

तिने सुकाणू धरलं आणि बोट सरळ पुढे नेली. बोट गेली. नुसतं निळं पाणी. मागे वळवली, पुन्हा नेली. लोम्मेन तिथे नव्हताच. मी तीस वर्षं त्या खडकाला वळसा घालून जातोय. तो कुठे आहे हे झोपेतसुद्धा सांगेन.

“बाकीचे?”

“उत्तरेकडचा एकही नाही. सगळं स्वच्छ, सुरक्षित दिसतंय.” ती खाली बसली. हात पुन्हा मांड्यांखाली दाबले. “स्टीग, मी परत तेच केलं. पडदा हिरवा आणि आत अंधार. तुम्ही त्या चार जणांना यावर शिकवलं असतं.”

“पण शिकवलं नाही.”

“योगायोगाने. मी गंमत करायला गेले म्हणून.”

मी काकांना आणायला गेलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. वाटेत गाडीत सगळं सांगितलं. वर आल्यावर ते तिच्याशेजारी बसले, काठी दोन पायांमध्ये धरली आणि म्हणाले, “पोरी, एकदा मी एक जर्मन जहाज आणत होतो. धुकं होतं. मी कप्तानाला डावीकडे सांगितलं आणि सांगताक्षणी मला कळलं की मी चुकलो. काय केलं असेल मी?”

“काय?”

“म्हटलं, चुकलो, उजवीकडे. त्याने उजवीकडे घेतलं. बंदरात आल्यावर आम्ही जेवलो. संपलं.”

“त्याने काही म्हटलं नाही?”

“म्हणाला की बटाटे कच्चे आहेत. हे बघ, पाण्यात जायच्या आत सापडलं ना? तुलाच सापडलं ना? योगायोग कसला. ज्याला काळजी असते तोच जाऊन ठोकून बघतो. आता हे सांग, उत्तरेकडचे सगळेच गेलेत की काही?”

बेनिताने डोळे पुसले. “सगळे.”

“उत्तरेची बाजू मी सर्वांत शेवटी मोजली. ते आकडे गठ्ठ्याच्या शेवटी आहेत.”

बेनिता पडद्याकडे वळली. माझ्याकडे पाठ होती, पण तिचे खांदे बदलले हे मला मागूनही दिसलं.

“शेवटी,” ती म्हणाली. “अर्थात.”

तिने मला नंतर समजावलं ते असं. कुठला बिंदू कुठल्याला जोडायचा त्याचे आकडे द्यायचे असतात, आणि ते आकडे केवढ्या डब्यात बसतात हे आधी सांगावं लागतं. शिकवणीच्या उदाहरणांत लहान डबा असतो. तिने सवयीने तोच घेतला. लहान डब्यात पासष्ट हजारांपर्यंत आकडा मावतो, त्यापुढे गेला की पुन्हा शून्यापासून. काकांच्या समुद्रात बिंदू त्याहून बरेच जास्त. त्यामुळे शेवटचे बिंदू जोडायची पाळी आली की लायब्ररी सुरुवातीचेच, म्हणजे दक्षिणेकडचे, बिंदू पुन्हा जोडत होती. दक्षिणेचा समुद्र दोनदा रेखाटला जात होता आणि उत्तरेचा एकदाही नाही. एकावर एक तंतोतंत, म्हणून कुणाला काही वेगळं दिसलं नाही. आणि बोट आपटली की नाही हे काकांनी चित्रावरूनच ठरवलं होतं, म्हणून जे रेखाटलं नाही ते लागतही नव्हतं.

तिने लहान डबा काढून मोठा घातला. म्हणजे एक शब्द बदलला. ग्रुंड सुरू केला, उत्तरेला गेली आणि सरळ लोम्मेनच्या दिशेने पूर्ण वेगाने बोट सोडली.

कर्रकन आवाज आला. काकांनी डोळे मिटून तो ऐकला. “हा लोम्मेन,” ते म्हणाले. बेनिताने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडत होती की हसत होती ते मी विचारलं नाही. मी खाली जाऊन कॉफी ठेवली, आणि ती उतू गेली तरी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

शनिवारचं प्रशिक्षण मी तरीही पुढे ढकललं. बेनिताच म्हणाली की आता नशिबावर काही सोडायचं नाही. मग काका एकेका खडकाचं नाव घ्यायचे, दिशा सांगायचे आणि बेनिता तिथे जाऊन आपटायची. काही नावं अशी होती की मास्तरणीसमोर घेता येऊ नयेत. मिकाएला म्हणाली, “काका, हे खरंच नकाशात आहे?” काका म्हणाले, “नकाशात कशाला असेल? नकाशा काढणारे कधी कोळ्यांबरोबर जेवलेत का?” मी खिडकीत बसून ऐकत होतो. कर्र, नाव, कर्र, नाव. दोन दुपारी तेच चाललं होतं. एकही खडक चुकला नाही.

चौघे नवे मार्चभर आपटले. आमच्या पथकात इतकं हसणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बेनिताने दरम्यान आपण काय काय बदललं ते नीट लिहून ज्या लोकांनी ते बाइंडिंग सांभाळलंय त्यांना पाठवलं. त्यांच्यातल्या एकाने पोर्तोहून उत्तर दिलं की त्याच्याकडेही एक जुना प्रोग्रॅम असाच अधूनमधून मरत होता, आता मरत नाही. ती ते मला दाखवायला खाली आली. मी तेलात माखलो होतो, म्हणून तिने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला.

“मग आता परत हेलसिंकीला?” मी विचारलं.

“वेडा आहेस का? टॅक्सी कोण चालवेल?” मग फोन खिशात घालत म्हणाली, “पण त्यांनी विचारलंय, महिन्यातून थोडं काम कराल का. हो म्हटलं. संगणक माळ्यावरून खाली आणलाय.”

मे महिन्यात एका सकाळी दाट धुकं उतरलं आणि आठच्या सुमाराला फोन आला. पश्चिमेच्या अरुंद वाटेत एक शिडाची बोट दगडावर चढली होती, आत नवरा-बायको आणि म्हातारी आई. मी पाठीच्या दुखण्याने घरी पडलो होतो, म्हणून बोट घेऊन गेली ती मिकाएला. त्या वाटेने ती खरी बोट घेऊन पूर्वी कधीच गेली नव्हती. ती परतल्यावर मी तिला फोनवर विचारलं, कसं केलंस. ती म्हणाली, “त्या वाटेत मी इतकी आपटलेय की आता मला आपटायचा कंटाळा आलाय.” तिघंही सुखरूप होती. म्हाताऱ्या आईने धक्क्यावर पहिली गोष्ट मागितली ती सिगरेट.

मी बेनिताला फोन केला. ती तेव्हा दुकानवाल्या उल्ला-माईला दंतवैद्याकडे नेत होती. पुढचं उल्ला-माईने सांगितलं, आणि ती ज्याला त्याला सांगत सुटली. बेनिताने फोन ऐकला, “बरं” म्हणाली, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बाहेर उतरली आणि कठड्याला टेकून धुक्यात बघत उभी राहिली. उल्ला-माईने काच खाली करून विचारलं, “अगं, काय झालं? कुणी गेलं का?”

“नाही,” बेनिता म्हणाली. “कुणी गेलं नाही. सगळे आहेत.”

“मग चल ना. माझी दाढ ठणकतेय.”

“एक मिनिट, उल्ला-माई. फार बरं वाटतंय, एक मिनिट थांबू दे.”

उल्ला-माई म्हणते की ती गाल धरून चांगली दहा मिनिटं बसली, पण नंतर बेनिताने गाडी अशी हाकली की फेरीबोट चुकली नाही.